एकीचे बळ आणि मांदेलीचा थवा

'लहान मासे थव्याने का राहतात?' हा प्रश्न वर्गात विचारला, की त्याचे उत्तर बहुधा तयारच असते : 'एकीचे बळ मोठे असते म्हणून.' मुले ते वहीत उतरवून घेतात आणि शिक्षक पुढच्या प्रश्नाकडे वळतात. विज्ञानाचा एक प्रश्न सुटला, वर एक सुविचारही मिळाला! पण हे समाधान फसवे आहे. उत्तर इतके गुळगुळीत आहे, की त्यानंतर कोणाला काही विचारावेसेच वाटत नाही. एकीचे बळ म्हणजे नेमके कोणते बळ? ते कोणाविरुद्ध चालते? कोणाविरुद्ध चालत नाही? थव्यातल्या प्रत्येक माशाला त्याचा सारखाच लाभ होतो का?

गोष्टींत, चित्रपुस्तकांत आणि त्यांच्या आधाराने चालणाऱ्या निसर्गशिक्षणात माशांचा थवा कसा रंगवला जातो आणि प्रत्यक्ष पाण्यात तो काय करतो, हे ताडून पाहण्याचा प्रयत्न येथे करायचा आहे. त्यासाठी मासा घेतला आहे आपल्याच किनाऱ्यावरचा, बाजारात वाट्याने मिळणारा आणि म्हणूनच दुर्लक्षित : मांदेली.

गोष्टीतले मासे

लिओ लिओनी या चित्रकार-लेखकाचे 'स्विमी' हे चित्रपुस्तक १९६३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि पुढे अनेक देशांतल्या शाळांत पोहोचले. समुद्रात तांबड्या माशांचा एक थवा असतो. त्यात स्विमी तेवढा काळा. एक भुकेला ट्यूना येतो आणि सगळ्या तांबड्या माशांना एका घासात गिळतो. चपळ स्विमी एकटा वाचतो. भटकता भटकता त्याला तांबड्या माशांचा दुसरा थवा भेटतो. हे मासे भीतीने लपून बसलेले असतात. स्विमी त्यांना एक युक्ती शिकवतो : सर्वांनी मिळून एका प्रचंड माशाचा आकार करायचा, प्रत्येकाने आपली जागा धरून पोहायचे आणि काळ्या स्विमीने डोळा व्हायचे. हा अवाढव्य मासा पाहून खरे मोठे मासे पळ काढतात.

चित्रपुस्तक म्हणून ही उत्तम निर्मिती आहे, याबद्दल वाद नाही. पण ते विज्ञानाच्या तासाला आणले जाते तेव्हा एक गोष्ट हमखास नजरेआड होते. पहिल्या काही पानांतच एक अख्खा थवा गिळला गेलेला आहे! ते मासेही एकत्रच होते. म्हणजे नुसते एकत्र असण्याने कोणी वाचले नाही, असे खुद्द गोष्टच सांगते. पुढे जे मासे वाचतात ते नेता, योजना आणि शिस्त यांमुळे. लेखकाला सांगायचे आहे ते माणसांविषयी. मासे हे निमित्त. आपण मात्र त्यातून माशांविषयी निष्कर्ष काढतो.

आपल्याकडेही अशा गोष्टींना तोटा नाही. पारध्याच्या जाळ्यात सापडलेली कबुतरे राजा चित्रग्रीवाच्या सांगण्यावरून एकदम उडतात आणि जाळेच घेऊन जातात, ही गोष्ट 'एकी' या विषयावर आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. पण त्याच पंचतंत्रात तीन माशांचीही गोष्ट आहे. तळ्यावर उद्या कोळी येणार हे कळताच अनागतविधाता तळे सोडून जातो. प्रत्युत्पन्नमती ऐन वेळी युक्ती करून निसटतो. 'जे व्हायचे ते होईल' म्हणणारा यद्भविष्य तिथेच राहतो आणि मरतो. इथे एकीचा पत्ताच नाही. उलट आपल्या बुद्धीने वेळेवर बाहेर पडणारा शहाणा ठरतो.

एक गोष्ट म्हणते, सोबत्यांना धरून राहा. दुसरी म्हणते, योग्य वेळी निघून जा. प्राणी तेच, जाळेही तेच. तात्पर्ये मात्र परस्परविरुद्ध. याचा अर्थ उघड आहे. तात्पर्य प्राण्यात नसते, ते सांगणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. नीतिकथेत हे चालते, किंबहुना नीतिकथा त्यासाठीच असते. विज्ञानात चालत नाही.

शब्दाचा एक घोटाळा

पुढे जाण्याआधी एका शब्दाविषयी. अशा थव्याला इंग्रजीत 'स्कूल' म्हणतात, आणि घाईने केलेल्या भाषांतरांत कधीकधी 'माशांची शाळा' पोहत येते! या 'स्कूल'चा विद्येच्या शाळेशी संबंध नाही. माशांचे 'स्कूल' हे जुन्या डच भाषेतील समूह, जमाव या अर्थाच्या शब्दावरून आले. विद्येच्या 'स्कूल'चे मूळ ग्रीक आहे. उच्चार आणि अक्षरे योगायोगाने जुळली, इतकेच. मराठीत थवा किंवा कळप हे शब्द पुरेसे आहेत. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. खाणे पडले म्हणून मासे जमले, तर तो नुसता जमाव. सारखे अंतर राखून, एकाच दिशेला, एका वेगाने पोहू लागले, की त्याला अभ्यासक खऱ्या अर्थाने 'स्कूल' म्हणतात. या लेखात थवा हा शब्द याच दुसऱ्या अर्थाने वापरला आहे.

पाण्यातली मांदेली

मांदेलीचे शास्त्रीय नाव 'कॉइलिया डुसुमिएरी'. पॅरिसच्या संग्रहालयाला भारताच्या किनाऱ्यावरून माशांचे नमुने पाठवणारे फ्रेंच व्यापारी-प्रवासी द्युसुमिए यांच्या नावावरून व्हालांसिएन या मत्स्यतज्ज्ञाने १८४८ साली ते ठेवले. तारली आणि पाला ज्या गणात मोडतात त्याच गणात मांदेलीही मोडते. लांबी साधारण वितीएवढी, फार तर वीस सेंटिमीटर. अंग सोनेरी, मागे निमुळते होत गेलेले. पोटाखालचा गुदपर इतका लांब, की तो शेपटीच्या पराला जाऊन मिळतो. छातीच्या परांचे वरचे काही किरण धाग्यांसारखे सुटे आणि लांब.

तिचे घर म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्र, खाड्या आणि नद्यांची मुखे. भरती-ओहोटीबरोबर जिथे खाऱ्या पाण्याचे निमखारे आणि निमखाऱ्याचे खारे होत राहते, तिथे ती राहते. जवळा आणि त्याहून बारीक कवचधारी जीव हे तिचे खाणे. आणि तिला खाणाऱ्यांत एक नाव सर्वांच्या ओळखीचे आहे : बोंबील. बोंबील दिसायला मऊ, पण तोंड मोठे आणि दात वाकडे-तीक्ष्ण. तो जवळा खातो, मांदेली खातो आणि प्रसंगी आपलीच पिल्लेही खातो.

मांदेलीच्या पोटाकडच्या बाजूला सोनेरी-मोतिया ठिपक्यांच्या ओळी असतात. ही शोभेची नक्षी नव्हे, ते प्रकाश देणारे अवयव आहेत. याता हानेदा या जपानी संशोधकाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या मांदेलीचा प्रकाश देणारा मासा म्हणून अभ्यास प्रसिद्ध केला. तळून ताटात येणाऱ्या माशाच्या अंगावर दिव्यांच्या ओळी असतात, ही गोष्ट कोणत्याही कल्पित कथेइतकीच नवलाची आहे. ती सांगायला तात्पर्याची गरज लागत नाही.

पहिला हिशेब : एक तोंड, अनेक मासे

आता थव्याच्या फायद्याकडे येऊ. तो समजण्यासाठी इयत्ता सहावीचे गणित पुरते.

समजा, एक बोंबील एका वेळी एकच मांदेली पकडू शकतो. मांदेली एकटी सापडली, तर तिचा मरण्याचा संभव १ पैकी १. ती दहांच्या थव्यात असेल, तर १० पैकी १. शंभरांच्या थव्यात, १०० पैकी १. पण मोठा थवा शत्रूला लवकर सापडणार नाही का? असेल तसे. धरून चालू, की शंभरांच्या थव्यावर पाचपट हल्ले होतात. तरीही प्रत्येकीचा धोका १०० पैकी ५, म्हणजे २० पैकी १. एकटीपेक्षा तो पुष्कळच कमी. धोका 'पातळ' होतो. ताकाच्या लोट्यात पाणी घातल्यावर आंबटपणा कमी व्हावा तसा.

या हिशेबाची नैसर्गिक परिस्थितीतली एक छान तपासणी फॉस्टर आणि ट्रेहर्न या दोघांनी १९८१ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केली. गालापागोस बेटांजवळ समुद्राच्या पृष्ठावर धावणाऱ्या किड्यांचे लहानमोठे जमाव असतात. आपल्या नदी-विहिरींवर लांब पायांचे किडे पाण्यावर सरकताना दिसतात, त्यांचेच हे समुद्री भाईबंद. त्यांच्यावर खालून मासे हल्ला करतात. जमाव लहान असो की मोठा, त्यावर होणाऱ्या हल्ल्यांची संख्या साधारण सारखीच निघाली. त्यामुळे जमाव जितका मोठा, तितका एकेका किड्याचा धोका कमी. आणि हे हल्ला करणारे मासे कोण होते? तारलीच्या कुळातले, स्वतःच थव्याने राहणारे छोटे मासे!

या हिशेबात 'बळ' कुठे आहे? कोणी कोणाचे रक्षण केलेले नाही. शत्रूला कोणी हाकलले नाही. एक मांदेली खाल्ली गेलीच. फक्त ती 'मी' असण्याचा संभव कमी झाला.

दुसरा फायदा : नजरेचा गोंधळ

थव्याचा दुसरा लाभ शत्रूच्या डोळ्यांशी निगडित आहे. एकाच वेळी अनेक सारख्या आकृत्या हलू लागल्या, की त्यांतली एक निवडून तिचा पाठलाग करणे अवघड जाते. नील आणि कलेन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माकुळासारखे प्राणी आणि शिकारी मासे यांना एकटे, थोडे आणि पुष्कळ मासे दिले. थवा मोठा झाला, की एकेका हल्ल्यात यश मिळण्याचे प्रमाण घसरत गेले.

हे वर्गात पाच मिनिटांत दाखवता येते. एका विद्यार्थ्याकडे एक चेंडू फेका, तो झेलील. मग तिघांना एकदम तीन चेंडू त्याच्याकडे फेकायला सांगा. बहुधा एकही हातात राहत नाही. दहा दहा वेळा करून फळ्यावर नोंदी मांडाव्यात, म्हणजे गंमतीचे रूपांतर प्रयोगात होते.

आता याच प्रयोगात तीनपैकी एक चेंडू वेगळ्या रंगाचा घ्या. काय होईल? लांडो आणि टरबर्ग यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग नेमका असाच होता. रुपेरी माशांच्या आठांच्या थव्यात त्यांनी एक-दोन मासे निळे रंगवून सोडले. शिकारी माशाचे काम एकदम सोपे झाले. निळे मासे तर जास्त पकडले गेलेच, पण त्यांच्या सोबतचे साधे रुपेरी मासेही अधिक पकडले गेले. वेगळा दिसणारा एक मासा सगळ्या थव्याची भूल मोडतो.

तांबड्या माशांत काळा स्विमी! गोष्टीत तो थव्याचा डोळा होतो; पाण्यात तो स्वतःच्या आणि सोबत्यांच्या जिवावर उठला असता. यात लिओनींचा दोष नाही, ते माशांचे वर्तन शिकवायला बसले नव्हते. पण हे पुस्तक दाखवून 'पाहा, मासे असेच वागतात' असे म्हणणाऱ्या शिक्षकाचा दोष मात्र नक्की आहे.

नेता कोण?

'थव्याचा एक पुढारी असतो आणि बाकीचे त्याच्या आज्ञेत चालतात', हीदेखील मुलांची आवडती समजूत. थवा वळला, की पुढे असणारे कडेला जातात आणि कडेचे पुढे येतात. पुढारीपण असे क्षणोक्षणी बदलते. मग इतकी शिस्त येते कुठून?

क्रेग रेनल्ड्स यांनी १९८७ साली संगणकाच्या पडद्यावर कृत्रिम थवा तयार केला. त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला तीनच नियम होते : शेजाऱ्यावर आदळू नको, शेजारी जिकडे जातात तिकडे तोंड ठेव, शेजाऱ्यांपासून फार दूर जाऊ नको. नेता नाही, आज्ञा नाही, साऱ्या थव्याचे चित्र कोणाच्याही मनात नाही. तरीही पडद्यावर हुबेहूब थवा वळणे घेऊ लागला. खऱ्या माशांना शेजारी कळतो तो डोळ्यांनी आणि पाण्याचे हेलकावे टिपणाऱ्या पार्श्वरेखेने. पिचर, पार्ट्रिज आणि वॉर्डल यांनी १९७६ साली दाखवले, की कॉडच्या कुळातील एका माशाचे डोळे झाकले तरी तो थव्यात आपली जागा धरून पोहतो. डोळे झाकून पार्श्वरेखाही निकामी केली, तर मात्र त्याला ते जमत नाही.

इथे एक सावधगिरी. हा प्रयोग मांदेलीवर झालेला नाही आणि तो तिला जसाच्या तसा लावू नये. पाठ्यपुस्तकातल्या माशाच्या चित्रात कल्ल्यापासून शेपटीपर्यंत काढलेली पार्श्वरेखा मांदेली-तारलीच्या गणात अंगावर नसते. तिच्या नलिका डोक्याच्या भागात असतात. बाजारातून एक मांदेली आणि एक रोहू आणून मुलांपुढे ठेवा. रोहूच्या कुशीवर रेघ दिसेल, मांदेलीच्या दिसणार नाही. 'मासा' म्हणून सरसकट केलेल्या विधानांना असे अपवाद पावलोपावली भेटतात.

दुसरा हिशेब : तोंडच थव्याएवढे

आतापर्यंतचे सारे गणित एका गृहीतावर उभे होते : शत्रू एका वेळी एकच मासा पकडतो. हे गृहीत काढून घ्या आणि काय होते ते पाहा.

वसई, अर्नाळा, उत्तन, वर्सोवा या पट्ट्यातले कोळी डोल लावतात. डोलकर हा शब्द याच जाळ्याशी जोडलेला आहे. डोल म्हणजे नरसाळ्यासारखे एक प्रचंड पिशवीजाळे. समुद्रतळात रोवलेल्या खांबांना किंवा नांगरांना ते बांधलेले असते आणि त्याचे तोंड प्रवाहाकडे उघडे असते. जाळे माशांच्या मागे जात नाही. भरती-ओहोटीचे पाणी जोराने वाहते आणि त्याबरोबर आलेले जीव आत लोटले जातात. तोंडाकडे मोठी असणारी जाळ्याची आस शेवटाकडे बारीक होत जाते. पाणी निघून जाते. बोंबील, मांदेली, जवळा मागे राहतात. प्रवाह मंदावला, की जाळे ओढून घ्यायचे. उधाणात प्रवाहाला जोर असतो, भांगाच्या दिवसांत तो कमी असतो. साहजिकच कोळ्यांचे वेळापत्रक चंद्रावर चालते.

आता तेच गणित पुन्हा करा. शंभर मांदेल्यांचा थवा डोलीत शिरला, तर किती जाळ्यात जातील? शंभरच्या शंभर. धोका १०० पैकी १ नव्हे, १ पैकी १. जवळजवळ राहण्याची जी सवय बोंबलापासून वाचवते, तीच जाळ्यापुढे उपयोगाची राहत नाही, किंबहुना घातक ठरते. आणि गंमत अशी, की मांदेलीला खाणारा बोंबील आणि मांदेली ज्याला खाते तो जवळा, दोघेही त्याच जाळ्यात तिच्या शेजारी सापडतात! जाळ्याला मांदेली, बोंबील असा भेद नाही.

ही केवळ माणसाने केलेली अडचण आहे, असेही नाही. समुद्रात देवमासे एका घासात थवेच्या थवे गिळतात. डॉल्फिन मिळून थव्याला गोळा करतात आणि मग त्यावर तुटून पडतात. थव्याचा फायदा हा शत्रूच्या तोंडाच्या आकारावर आणि शिकारीच्या पद्धतीवर अवलंबून आहे. 'एकी हेच बळ' या वाक्यात 'कोणापुढे?' हा शब्द गाळलेला आहे. विज्ञान तिथूनच सुरू होते.

गाळलेल्या शब्दाचा आणखी एक पुरावा आपल्या गावच्या टाक्यांत आहे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडले जाणारे गप्पी मासे मूळचे दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातले आणि त्रिनिदाद बेटावरचे. त्रिनिदादच्या ज्या ओढ्यांत मोठे शिकारी मासे आहेत, तिथले गप्पी दाट थवे करतात. जिथे ते नाहीत, तिथले विखरून राहतात. सेगर्स यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा फरक दिसला आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पिढीतही तो बराचसा टिकला. जात एकच, एका ओढ्यात 'एकी' आहे, दुसऱ्यात नाही. मग दुसऱ्या ओढ्यातले गप्पी काय अनीतिमान म्हणायचे?

'स्वार्थी' हेही तात्पर्यच

इथे एक उलटी चूक होण्याचा संभव आहे. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९७१ साली एक प्रसिद्ध निबंध लिहिला. प्रत्येक प्राणी आपल्या आणि शत्रूच्या मध्ये दुसऱ्या कोणाला तरी ठेवण्यासाठी आत आत सरकतो आणि त्यातूनच कळप घट्ट होत जातो, असे त्यांनी भूमितीने दाखवले. अशा कळपाला त्यांनी 'स्वार्थी कळप' म्हटले. हा विचार फार मोलाचा आहे. पण तो वाचून एखादा शिक्षक वर्गात सांगू लागेल, 'मुलांनो, निसर्गात जो तो स्वार्थीच असतो', तर आपण एका सुविचाराच्या जागी दुसरा, अधिक कडवट सुविचार आणून बसवला इतकेच. मांदेलीला ना एकी ठाऊक, ना स्वार्थ. कडेला राहणाऱ्या जास्त खाल्ल्या गेल्या आणि आत सरकणाऱ्या जास्त उरल्या, असे असंख्य पिढ्या घडले, तर आत सरकण्याची प्रवृत्ती टिकते. याहून अधिक अर्थ त्या शब्दात भरू नये.

हा निव्वळ शब्दच्छल आहे, असे कोणाला वाटेल. तसे नाही. 'थव्यातून बाहेर पडलेला मासा मरतो' हे वाक्य आपण मुलांना कधी ऐकवतो, ते आठवून पाहावे. बहुधा कोणी वेगळे मत मांडले, जमावाबरोबर जायला नकार दिला किंवा न पटणाऱ्या रूढीवर प्रश्न विचारला, की ऐकवतो. निसर्गाचा दाखला दिला, की वाद संपतो. कारण निसर्गाशी कोण भांडणार? पण तो दाखलाच अर्धा आहे. थव्यात राहिलेले मासेही जाळ्यात जातात, आणि अधिक संख्येने जातात. सहकार्य, एकजूट ही मूल्ये माणसांनी विचार करून, अनुभवातून स्वीकारायची असतात. लोकांनी मिळून बंधारा बांधला, हे एकीचे खरे उदाहरण; त्याला माशाच्या दाखल्याची गरज नाही. आणि जमाव चुकत असेल तेव्हा बाहेर पडण्याचे धैर्य हेही मूल्यच आहे. त्यालाही माशाची परवानगी नको.

वडगाव रासाईच्या काठावर

मांदेली झाली समुद्राची. शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईसारख्या गावच्या शिक्षकाने तिचे काय करायचे? तिथे पाणी आहे ते भीमेचे, गोडे. पलीकडच्या काठाला दौंड तालुका. समुद्र जवळचा तो पश्चिमेचा, पण भीमा वाहते पूर्वेकडे; कृष्णेला मिळून तिचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते. मांदेली नदीने इथे येण्याची वाट नाही. ती येईल तर बाजाराच्या टोपलीतून, सुकट-बोंबलाच्या सोबतीने.

पण थव्याचा प्रश्न मात्र भीमेतही आहे. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतील माशांची वर्णने १८३९ ते १८४१ या काळात लंडनमध्ये प्रसिद्ध केली. माशांना लॅटिन नावे देताना त्यांनी इथल्या लोकांची नावेच पुष्कळदा उचलली : अलकूटी, बालुकी, फुलुंगी, खुद्री. यांपैकी अलकूट हा चपटा, रुपेरी, पृष्ठभागाजवळ थव्याने फिरणारा छोटा मासा. साइक्स यांनी वर्णन केलेल्यांत एक काचेसारखा पारदर्शक छोटा मासाही आहे. त्याच्या गोतावळ्यातले अनेक भाऊबंद किनाऱ्यालगत आणि खाड्यांत थव्याने राहतात. काही पूर्णपणे गोड्या पाण्यातले झाले. खाडीच्या कुळातला मासा असा घाटमाथ्यापलीकडच्या नदीतही भेटतो.

तेव्हा काठावर करण्यासारखे काही. पाणी संथ आणि उथळ असेल अशी जागा शिक्षकांनी आधी पाहून ठेवावी. मुलांनी काठावरच थांबावे. वाळू उपशाने पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. पुण्याचे सांडपाणी घेऊन येणारी मुळा-मुठा याच परिसरात भीमेला मिळते, म्हणून पाणी तोंडात जाऊ देऊ नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत. मग चार चुरमुरे टाका आणि नोंदी करा. मासे जमतात तेव्हा सर्वांची तोंडे एका दिशेला असतात की वाटेल तशी? म्हणजे हा जमाव की थवा? शेजारी एक खडा टाका. ते आधी विखुरतात की आधी जवळ येतात? पुन्हा एकत्र यायला किती सेकंद लागतात? मोठ्या माशाची किंवा बगळ्याची चाहूल असताना आणि नसताना फरक पडतो का? पाणी गढूळ असते तेव्हा थवा टिकतो का? पाच दिवस, एकाच वेळी, एकाच जागी नोंदी घेतल्या, तर मुलांच्या हाती स्वतःचा तक्ता येईल.

त्या तक्त्याच्या खाली 'तात्पर्य' असे शीर्षक देऊ नये. 'आम्हाला दिसले ते' आणि 'आम्हाला पडलेले प्रश्न' अशी दोन शीर्षके पुरेत. गोष्टीच्या तासाला स्विमी जरूर वाचावा, चित्रग्रीवाची कबुतरे उडवावीत, यद्भविष्याला हसावे. विज्ञानाच्या तासाला मात्र 'लहान मासे थव्याने का राहतात?' असे विचारल्यावर एखाद्या मुलीने उलट विचारले, 'बाई, कोणता मासा? त्याला खातं कोण?', तर त्या दिवशीचा पाठ उत्तम झाला असे समजावे.